खराब म्हणजे किती खराब?

मुलांनो, आज एका प्रश्नाची गोष्ट सांगते. प्रश्न माझा नाही, चौथीतल्या एका मुलीचा आहे. त्या प्रश्नाने मला चांगलंच अडवलं होतं, बरं का!

आधी आमच्या गावाची ओळख करून देते. अहिल्यानगरहून सोलापूरला जाताना रस्त्यावर मिरजगाव लागतं. कर्जत तालुक्यातलं हे गाव. पावसाळ्यात ढग कोकणात आणि घाटमाथ्यावर अगदी हात सैल सोडून पाऊस वाटतात. आमच्याकडे येईपर्यंत त्यांचा खिसा रिकामा झालेला असतो! भूगोलात तुम्ही 'पर्जन्यछायेचा प्रदेश' वाचलाय ना? तोच हा. जवळच निमगाव गांगर्डा इथे सीना नदीवर धरण आहे. पण धरण भरायलाही पाऊस लागतोच की! त्यामुळे उन्हाळा आला, की मोठी माणसं एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात, "कुकडीचं आवर्तन कधी सुटणार?" आणि घरोघरच्या आज्या १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी काढतात.

अशाच एका मार्च महिन्यात वर्गातल्या मुलांना घेऊन मी परिसर अभ्यासाच्या सहलीला निघाले होते. वाटेवरच्या एका गावात पाणी शुद्ध करण्याचं यंत्र बसवलेलं होतं. नाणं टाकलं, की जार भरून थंडगार, गोड पाणी मिळायचं. मुलं खूश! पण ती मुलगी मात्र यंत्राच्या मागे जाऊन उभी राहिली. तिथे एका नळीतून पाण्याची धार सारखी वाहत होती आणि थेट गटारात जात होती.

"बाई, हे पाणी कशापायी सोडून देत्यात?"

मी म्हटलं, "अगं, ते खराब पाणी असतं."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती खराब, बाई? भांडी घासण्याजोगं पण नाय?"

आता काय सांगणार? मला उत्तर येत नव्हतं. आणि ही मुलगी कोण? ज्या दिवशी वस्तीवर टँकर येतो, त्या दिवशी जिची जागा वर्गात रिकामी असते ना, ती. हंडा भरण्यासाठी ती रांगेत उभी असते. म्हणजे आम्ही तिघी-चौघी बायांनी सांगितलेल्या धड्यांपेक्षा पाण्याची किंमत तिला जास्त ठाऊक. मग मीच विद्यार्थिनी झाले. पुस्तकं चाळली, जाणत्यांना विचारलं. जे कळलं ते आता तुम्हाला सांगते.

तीन पेले

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर तीन पेले ठेवले. पहिल्यात गढूळ, मातकट पाणी. दुसऱ्यात स्वच्छ दिसणारं पाणी, पण त्यात गुपचूप चमचाभर मीठ विरघळवलेलं. तिसऱ्यात झाकण नसलेल्या टाकीतलं नितळ पाणी. "सांगा बरं, कोणतं पाणी प्याल?" पहिल्या पेल्याला सगळ्यांनी नाकं मुरडली. बाकीच्या दोघांना भरपूर मतं पडली. (प्यायला अर्थातच कोणाला दिलं नाही!)

गंमत अशी, की तिन्ही पेल्यांत घाण होती. फक्त घाणीची जात वेगळी होती.

पहिली घाण दिसणारी : गाळ आणि माती. मातीचे अगदी बारीक कण लवकर खाली बसत नाहीत. कारण बहुतेक सगळ्यांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर ढकलत राहतात. आपली आजी काय करते? तुरटीचा खडा पाण्यात फिरवते. तुरटी तो भार शमवते. मग कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. शहरातल्या मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रातही तुरटी किंवा तिच्यासारखेच पदार्थ वापरून हेच करतात. खडा फक्त मोठा असतो एवढंच!

दुसरी घाण न दिसणारी, पण जिवंत : रोगजंतू. हगवण, कावीळ, विषमज्वर पसरवणारे हेच. तुरटीने पाणी नितळ होतं, पण जंतूंची खात्री देता येत नाही. त्यासाठी पाणी चांगलं उकळावं लागतं किंवा क्लोरीन घालावं लागतं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो, ती यासाठीच. मग नळाच्या पाण्याची 'ओटी टेस्ट' करतात. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं, की समजायचं, क्लोरीन इथपर्यंत पोचलंय. तुमच्या गावात ही तपासणी कोण करतं, ते जरूर पाहून या. द्रावणाला हात मात्र लावायचा नाही हं, ते मोठ्यांचं काम.

तिसरी घाण विरघळलेली : क्षार. बोअर जितकी खोल जाते, तितकं पाणी खडकांच्या सहवासात जास्त काळ राहिलेलं असतं, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ते जास्त क्षारयुक्त लागतं. असं पाणी गाळून गोड होत नाही, तुरटीने होत नाही आणि उकळूनही होत नाही. उलट वाफ निघून जाते आणि खारट पाणी आणखी दाट होतं!

क्षार गेले कुठे?

मग ते नाणं टाकायचं यंत्र काय करतं? आधी एक सोपा प्रयोग करा. रात्री चार बेदाणे पाण्यात भिजत घाला. सकाळी ते टम्म फुगलेले दिसतील. बाहेरचं पाणी बेदाण्याच्या सालीतून आपणहून आत शिरलं, कारण आतला रस दाट होता. पातळाकडून दाटाकडे जायचं, हा पाण्याचा स्वभावच आहे. यंत्रात याच्या उलट करतात. खारं, म्हणजे दाट पाणी जोराचा दाब देऊन एका खास पडद्यातून ढकलतात. पडद्यातून पाणी पलीकडे जातं, क्षार बहुतांशी अलीकडेच राहतात. यालाच 'आरओ' म्हणतात.

आता गणित करू. समजा, बोअरच्या पाण्यात लीटरमागे ९०० मिलिग्रॅम क्षार आहेत. यंत्रात ३ लीटर पाणी घातलं. १ लीटर गोड पाणी मिळालं आणि २ लीटर नळीतून बाहेर गेलं. एकूण क्षार किती होते? ९०० गुणिले ३, म्हणजे २७००. ते गोड पाण्यात जवळजवळ गेलेच नाहीत. मग सगळे त्या २ लीटरमध्ये उरले. म्हणजे लीटरमागे सुमारे १३५० मिलिग्रॅम.

हे झालं त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर! ते पाणी विष नव्हतं, फक्त जास्त खारं झालं होतं. प्यायला नको. पण फरशी पुसायला चालतं, संडासात टाकायला चालतं. भांडी घासायलाही चालतं, शेवटचं विसळणं तेवढं चांगल्या पाण्याने करायचं. मात्र रोज तेच पाणी झाडांना घालू नका. क्षार मातीत साठत जातात आणि जमीन हळूहळू क्षारपड होते. आपल्या भागातल्या शेतकऱ्यांना हे दुखणं नवीन नाही.

आणखी एक गोष्ट आईबाबांसाठी. पिण्याच्या पाण्यातल्या एकूण विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, भारतीय मानकाप्रमाणे स्वीकारार्ह मर्यादा लीटरला ५०० मिलिग्रॅम आहे. जिथे टीडीएस याहून कमी आहे, तिथे आरओवर बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये सरकारला सांगितलं होतं. तेव्हा यंत्र विकत घेण्याआधी पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं. टीडीएस मोजणारी छोटी पेनं हल्ली बाजारात मिळतात, पण त्या पेनाला जंतू दिसत नाहीत. आकडा कमी आला म्हणजे पाणी पिण्याजोगं झालं, असं मुळीच नाही.

पाचातला एक वाटा

आता खरी मजेची गोष्ट. खेड्यातल्या माणसाला दिवसाला किती पाणी लागतं? पूर्वी सरकारी हिशेबात माणशी ४० लीटर धरत असत. त्याची वाटणी अशी : पिण्याला ३, स्वयंपाकाला ५, अंघोळीला १५, भांडी आणि घरसफाईला ७, शौचाला १०. (२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये हा आकडा ५५ धरला आहे.)

या वाटणीकडे नीट पाहा. पिऊन चालेल एवढं शुद्ध पाणी कशाला हवं? पिणं आणि स्वयंपाक मिळून ८ लीटरला. म्हणजे पाचातला फक्त एक वाटा! अंघोळ आणि भांड्यांचे मिळून २२ लीटर एकदा वापरून मोरीतून बाहेर जातात. पाच माणसांच्या घरातून रोज ११० लीटर. एका बाजूला हंड्यासाठी रांग आणि दुसऱ्या बाजूला मोरीतून ११० लीटर रस्त्यावर. आहे की नाही नवल?

म्हणून कोरड्या मुलखात पाणी शुद्ध करण्याच्या शास्त्रात आता नवा विचार रुजतो आहे. पूर्वी शास्त्रज्ञ विचारत, "नवीन पाणी कुठून आणायचं?" आता ते त्याबरोबर असंही विचारतात, "वापरलेलं पाणी कोणत्या कामासाठी, किती स्वच्छ करायचं?" अगदी आमच्या चौथीतल्या मुलीसारखं!

लांबून पाणी आणणं किती अवघड असतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला चक्क रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ती गाडी मिरजेहून सुटायची. आमचं मिरजगाव नव्हे हं, सांगली जिल्ह्यातलं मिरज! पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या आणि त्यात सुमारे ५ लाख लीटर पाणी होतं. ऐकायला खूप वाटतं ना? पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे लातूरची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. माणशी दीड लीटरसुद्धा आलं नाही. पुढे वाघिणी वाढवल्या. संकटात ती गाडी देवासारखी धावून आली, हे खरंच. पण रोज गाडीवर कोण जगणार?

विंडहुकची गोष्ट

आता आपल्याहून कोरड्या देशात जाऊ. आफ्रिका खंडाच्या नकाशात नैर्ऋत्येला नामिबिया शोधा. वाळवंटाचा देश. बारमाही नद्या आहेत, पण त्या फक्त देशाच्या सीमांवर. राजधानी विंडहुक आहे मधोमध. समुद्रही लांब, नदीही लांब. मग करायचं काय?

१९६८ साली त्या शहराने असं काम केलं, की जग चकित झालं. शहराचं सांडपाणी इतकं शुद्ध केलं, की ते पुन्हा पिण्याच्या नळाला जोडलं! तुम्ही "ईऽऽ!" म्हणालात ना? माझा वर्गही म्हणाला. पण ऐका तर खरं. कारखान्यांचं पाणी ते यात मिसळू देत नाहीत, ते वेगळंच काढतात. घरांतून आलेलं पाणी आधी सांडपाणी केंद्रात साफ होतं. मग पुढच्या केंद्रात त्याची परीक्षाच सुरू होते. गाळ वेगळा काढणं, ओझोन वायू सोडणं, खास कोळशातून गाळणं, अतिसूक्ष्म छिद्रांच्या नळ्यांतून गाळणं आणि शेवटी क्लोरीन. पाणी सतत तपासतात. एखाद्या तपासणीत नापास झालं, तर ते शहरात सोडतच नाहीत. २००२ मध्ये त्यांनी नवं केंद्र बांधलं. त्यात दिवसाला २ कोटी १० लाख लीटर पाणी तयार होऊ शकतं. इतकी वर्षं लोक ते पाणी पीत आहेत.

आपल्याकडे लगेच असं करा, असं मी म्हणत नाही. त्यासाठी अतिशय काटेकोर यंत्रणा लागते. पण सांडपाणी प्यायलाच वापरायला हवं असं कुठे आहे? इस्राएल देशात जवळजवळ ९० टक्के सांडपाणी शुद्ध करून बहुतांशी शेतीला देतात. आणि आपल्या नागपुरात पाहा. तिथल्या भांडेवाडीच्या केंद्रात शहराचं सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची योजना उभी राहिली. आकडा दिवसाला १३ कोटी लीटर! वीज केंद्राला यंत्रं थंड ठेवायला पाणी लागतं. यंत्रांना कुठे चव कळते? पण त्यामुळे तेवढं धरणाचं गोडं पाणी माणसांसाठी वाचतं.

कर्दळीची शाळा

तुम्ही म्हणाल, "बाई, हे सगळं मोठ्या शहरांचं झालं. आमच्या वाडीवर काय?"

नागपुरातच १९५८ साली स्थापन झालेली एक संस्था आहे, नीरी. पर्यावरण आणि पाणी यांवर ती संशोधन करते. तिथल्या शास्त्रज्ञांनी 'फायटोरिड' नावाची पद्धत तयार केली. आधी सांडपाण्यातला गाळ टाकीत बसवायचा. मग ते पाणी खडीच्या वाफ्यांतून संथपणे जाऊ द्यायचं. वाफ्यात झाडं कोणती? पाणकणीस, वेत-बोरूसारखी गवतं आणि आपली कर्दळ! खडीवर आणि मुळांवर कोट्यवधी उपयोगी जिवाणू राहतात. पाण्यातली घाण हे त्यांचं जेवण. त्यातून सुटणारी खतासारखी द्रव्यं झाडं घेतात. वीज जवळजवळ लागत नाही. शेवटी निघणारं पाणी बागेला उपयोगी पडतं.

हे वाचलं आणि मला माझी आजी आठवली. न्हाणीच्या मागे कर्दळ, अळू, एखादी केळ लावायची, हे तिला कोणी शिकवलं होतं? तिला शुद्धीकरणाचं शास्त्र ठाऊक नव्हतं आणि तिचा वाफा काही पूर्ण शुद्धीकरण करत नव्हता. पण वापरलेल्या पाण्याला दुसरं काम द्यायचं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

मग आम्हीही ठरवलं. शाळेत खिचडीच्या आधी सगळी मुलं हात धुतात, ते पाणी पकडायचं. मुलांनी घरून कर्दळीचे कंद आणले. आम्ही उत्साहाने चर खणला, कंद लावले आणि पाणी सोडलं. आठ दिवसांत काय झालं असेल? पाणी तुंबलं, वास सुटला, डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या! मुख्याध्यापकांनी नाकाला रुमाल लावला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

चूक माझी होती. मी चरात नुसती माती ठेवली होती आणि उतारही दिला नव्हता. आम्ही सगळं उकरलं. खाली मोठी खडी, वर बारीक खडी, नळाकडून झाडाकडे थोडा उतार आणि सुरुवातीला खरकटं अडवायला जाळीची टोपली. आता पाणी खडीच्या आतून वाहतं, वर दिसतच नाही. मग डास अंडी घालणार कुठे? कर्दळीला लाल फुलं आली. चराच्या शेवटी लावलेल्या लिंबाच्या रोपाने तो उन्हाळा काढला.

ज्यांच्याकडे झाडांना जागा नाही, त्यांनी शोषखड्डा करावा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली. डास गेले आणि पाणी जमिनीत मुरायला लागलं. मात्र पिण्याची विहीर किंवा बोअर जवळ असेल, तर खड्डा तिच्यापासून चांगला दूर हवा.

काही गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. मोरीचं पाणी एका दिवसाहून जास्त साठवू नका. ते कच्च्या खायच्या भाज्यांना, म्हणजे कोथिंबीर, मुळा, काकडी यांना घालू नका. त्यात खेळू नका. आणि संडासाचं पाणी यात कधीही मिसळू नका, त्याचा रस्ता वेगळा.

आता तुमचा अभ्यास

या रविवारी एक काम करा. घरातल्या बादलीवर खडूने लीटरच्या खुणा करा. दिवसभरात कोणत्या कामाला किती पाणी लागलं, ते वहीत लिहा. प्रत्येक कामासमोर दोन रकाने आखा : 'किती स्वच्छ हवं?' आणि 'नंतर कुठे गेलं?' रात्री आईबाबांबरोबर बसून वही वाचा. दुसऱ्या रकान्यात 'गटारात' हा शब्द किती वेळा आला, ते मोजा आणि त्यातला एक तरी खोडता येतो का, ते सगळ्यांनी मिळून ठरवा.

आमच्या वर्गाने हे केलं, तेव्हा त्या मुलीने वहीत शेवटी लिहिलं, 'आमचे भांड्याचे पाणी आता शेवग्याला जाते.' मी खाली बरोबरची खूण केली. टँकरच्या दिवशी तिची जागा अजूनही कधी कधी रिकामी असते. एका शेवग्याने तो प्रश्न सुटत नाही, हे तिलाही कळतं आणि मलाही. पण यंदाच्या ग्रामसभेला तिची आई आली होती. "त्या यंत्राचं नळीचं पाणी टाकीत साठवा, आम्ही धुण्या-पुसायला नेऊ," असं तिने उभं राहून सांगितलं. प्रश्न कुणी शिकवला होता, ते मला ठाऊक होतं.

तुमची वही काय म्हणते, ते मला नक्की कळवा.

तुमची,
बाई